शस्त्रक्रियेनंतरही राहिलेला तिरळेपणा
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस या भाषणाचे आमंत्रण दिले, तेव्हा त्यांनी विषय सुचविला होता तो शिक्षणाचा. छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविलेल्या माणसास तो विषय जड गेला नसता. तथापि त्या विषयावर बोलणारे आपल्या ज्ञातीत पुष्कळ आहेत, आणि आमच्याजवळ सांगण्यासारखी एक गोष्ट अशी आहे की ती आम्ही न सांगितल्यास दुसरे कोणी सांगणार नाही. कारण तीत चूक आमची आहे. यास्तव आम्ही चिटणीसांची परवानगी घेऊन विषय बदलला. मुलांच्या तिरळ्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाल्यानंतरही तिरळेपणा राहिला किंवा परत आला, तर काय करावे, हा तो विषय होय.

आमची विद्या जुन्या अकरावीची. आम्ही वैद्य नव्हे. जे सांगणार आहोत ते डॉक्टरांस पुनःपुन्हा विचारून, वहीत उतरवून घेऊन आणि ती वही त्यांसच दाखवून पक्के केलेले आहे. तरीही आमचे भाषण ऐकून कोणी घरच्या घरी उपचार आरंभू नयेत, इतके आधीच सांगून ठेवतो.

प्रथम एक जुनी आठवण. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचा एक डोळा नाकाकडे वळलेला असे. सारी शाळा त्यास 'चकण्या' म्हणे, आणि सांगण्यास लाज वाटते, हजेरी सोडल्यास आम्हीही त्यास त्याच नावाने हाक मारीत असू. वाचन चालले असता आम्ही त्यास दटावीत असू, "तिकडे काय बघतोस? इकडे बघ!" बिचारा आमच्याकडेच पाहत असे. पुढे तो शाळा सोडून गेला. तो आपल्याच ज्ञातीतला. कदाचित आज या मंडपात बसलेलाही असेल. त्या वेळी त्याचा डोळा तपासून घ्यावा हे त्याच्या वडिलांच्या मनात आले नाही, आणि गुरुजी म्हणविणाऱ्या आमच्याही आले नाही. तिरळेपणा हे नशिबाचे लेणे, काही घरांत तर ते भाग्याचे चिन्ह, अशीच समजूत होती.

पुढे २०१४ साली आमच्या चिरंजीवांस कन्या झाली. तिच्या तिसऱ्या वर्षी तिचा डावा डोळा आत वळू लागला. आरंभी सायंकाळी थकली म्हणजे वळे, मग चित्रे पाहताना, मग दिवसभर. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे पडले की पाळण्यावरचे चिमणाळे फार खाली बांधले होते, त्याचा हा परिणाम. शेजारच्या काकूंनी नाकावर तेल चोळण्याचा सल्ला दिला. सूनबाई मात्र शिकलेली. तिने ऐकले नाही आणि मुलीस शहरातील नेत्रतज्ज्ञांकडे नेले. चिमणाळ्याने डोळे कायमचे तिरळे होत नाहीत हे तेथेच कळले, आणि घरातला एक तंटा मिटला.

आता डोळा आत वळतो तो का, हे थोडे सांगितले पाहिजे. कारण ते न कळल्यामुळेच आमच्या हातून पुढची चूक घडली. प्रत्येक डोळ्यास फिरविणारे सहा स्नायू असतात, चार सरळ व दोन तिरपे. दोन डोळ्यांचे मिळून बारा. हे बारा एकाच जोखडाला जुंपल्यासारखे चालले म्हणजे दोन्ही डोळे एकाच वस्तूवर लागतात आणि मेंदूत दोहोंचे मिळून एक चित्र उमटते. जवळचे पाहताना डोळ्यास दोन कामे एकदम करावी लागतात. आतले भिंग फुगवून दृष्टी नेमकी करणे हे एक, आणि दोन्ही डोळे नाकाकडे थोडे वळविणे हे दुसरे. ही दोन कामे निसर्गाने एकमेकांस बांधलेली आहेत. काही मुलांच्या डोळ्यांत अधिक नंबर असतो. अशा मुलास दूरचे पाहतानाही भिंग फुगवावे लागते, जवळचे पाहताना तर फारच. भिंगावर जोर पडला की डोळे वळविणारी दोरीही तितकीच ओढली जाते आणि एक डोळा नाकाकडे जातो. हॉलंडातील उट्रेख्ट येथील डॉक्टर डोंडर्स यांनी १८६४ साली आपल्या ग्रंथात हा संबंध उलगडून दाखविला. अशा मुलास योग्य अधिक नंबरचा चष्मा दिला की भिंगाचा जोर कमी होतो आणि डोळा पुष्कळ वेळा केवळ चष्म्याने सरळ होतो. त्यास शस्त्रक्रियेची गरजच पडत नाही.

परंतु सर्वच मुलांचे असे होत नाही. काहींचा डोळा जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांतच मोठ्या कोनाने वळतो. तेथे चष्म्याचा उपयोग थोडा, शस्त्रक्रियाच करावी लागते. (तीन-चार महिन्यांपर्यंतच्या तान्ह्या मुलांचे डोळे अधूनमधून इकडेतिकडे जातात, त्याची भीती नको. चार महिन्यांनंतरही वळत असतील तर मात्र दाखवावे.) आणखी एक तिसरा वर्ग आहे, ज्यात अर्धा तिरळेपणा चष्म्याने जातो आणि अर्धा राहतो. आमची नात या तिसऱ्या वर्गातली. अशा मुलात डॉक्टर शस्त्रक्रिया करतात ती केवळ त्या उरलेल्या भागापुरती. चष्मा लावून जेवढा डोळा वळलेला दिसतो, तेवढाच सुधारावयाचा. बाकीचा चष्म्याने सांभाळावयाचा. हे वाक्य आम्ही आज सहज बोलून गेलो; त्या वेळी ते आम्हांस ठाऊक असते तर दोन वर्षे वाया गेली नसती.

२०१८ च्या जानेवारीत नातीची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रियेविषयी आपल्या लोकांत भलत्याच कल्पना आहेत. डोळा खोबणीतून बाहेर काढून पुन्हा बसवितात, असे आमच्या एका व्याह्यांनी आम्हांस गंभीरपणे सांगितले होते. तसे काही नाही. मुलास पूर्ण भूल देतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ पडदा उघडून स्नायू हाती घेतात. जो स्नायू अधिक ओढतो त्यास सोडवून थोडा मागे शिवतात, म्हणजे त्याची ओढ ढिली होते. किंवा जो कमी पडतो त्याचा काही भाग काढून त्यास आखूड करतात. हे सारे मिलिमीटरांचे माप. टाके आपोआप विरघळतात. नातीचे दोन्ही डोळ्यांचे आतील स्नायू मागे घेतले होते. केवळ डावा डोळा वळत असता उजव्यासही हात का लावला, असे आम्ही विचारले. जोखडाला दोन बैल असता एकाचीच दोरी ओढून कसे चालेल, असे काहीसे उत्तर मिळाले, आणि शेतकऱ्याच्या मुलास ते पटले.

डोळे सरळ झाले. दोन-तीन आठवडे लाल होते, मग निवळले. घरात आनंद झाला. गावी आणल्यावर सौभाग्यवतींनी दृष्ट काढली. मुलीच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा पाहून सर्वांस वाईट वाटे. एके दिवशी आम्ही तो काढून कपाटात ठेविला.

सूनबाई म्हणाली, "अण्णा, डॉक्टरांनी चष्मा चालू ठेवायला सांगितलंय ना?"

आम्ही म्हणालो, "अगं, ज्यासाठी चष्मा होता ते दुखणंच काढून टाकलंय. आता पोरीच्या नाकावर ओझं कशाला?"

ती पुढे बोलली नाही. सासरे, त्यातून गुरुजी. त्यांच्यापुढे काय बोलणार? रुग्णालयाच्या कागदावर चष्मा चालू ठेवण्याविषयी स्पष्ट लिहिलेले होते. ते आम्ही वाचले होते. न वाचता चूक झाली असती तर गोष्ट निराळी.

सहा महिन्यांत डोळा पुन्हा आत जाऊ लागला. मग घराघरांतून जे ऐकू येते तेच आमच्याही घरात ऐकू येऊ लागले. शस्त्रक्रिया फसली, पैसे गेले, डॉक्टरांनी नीट केले नाही, देवाच्या मनात नाही. तपासणीची पुढची तारीख चुकविली, कारण तेथे जाऊन आता उपयोग काय? चिरंजीव पनवेलीस नोकरीत गुंतलेले. मुलगी बालवाडीत जाऊ लागली. आणि घरादाराने तो डोळा जणू पाहावयाचाच नाही असे ठरविले. असे जवळजवळ दीड वर्ष गेले.

२०२० च्या जानेवारीत आम्ही काही दिवस मुलाकडे गेलो होतो. नात पाच वर्षांची होऊन गेली होती. आंधळी कोशिंबीर चालली होती, आणि आम्ही गमतीने तिचा एकच डोळा हाताने झाकून म्हटले, "आता आजोबांना शोध." डावा डोळा झाकला तेव्हा ती हसत होती. उजवा झाकला तशी ती आमचा हात ओरबाडू लागली. आम्ही पुन्हा तसेच केले, पुन्हा तेच. मग आम्ही भिंतीवरचे दिनदर्शिकेचे आकडे विचारले. उजव्या डोळ्याने तिने खोलीच्या टोकावरून वाचले. डाव्याने पुढे पुढे येत पार भिंतीपाशी गेली. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. डोळा केवळ वाकडा नव्हता, तो आंधळा होऊ लागला होता.

यास डॉक्टर 'आळशी डोळा' म्हणतात. नाव बरे नाही, कारण दोष डोळ्याचा नसतो. डोळा वळलेला राहिला की मेंदूस दोन निरनिराळी चित्रे मिळतात. लहान मुलाचा मेंदू त्यातले एक नाकारतो. बरेच दिवस नाकारलेले चित्र मग पाहण्याची त्याची शक्तीच उणी होते. डोळ्यात काचेसारखे सर्व स्वच्छ असते, पण दृष्टी नसते. नातीची डावी दृष्टी ६/२४ निघाली, म्हणजे निरोगी डोळ्यास चोवीस मीटरांवरून दिसावे ते अक्षर तिला सहा मीटरांवरून दिसत होते.

या वेळी चिरंजीवांनी दुसऱ्या नेत्रतज्ज्ञांची वेळ घेतली. त्या बाई केवळ मुलांचेच डोळे पाहणाऱ्या होत्या. त्यांनी आम्हांस न रागावता सर्व ऐकून घेतले. मग त्या जे म्हणाल्या ते आम्ही वहीत पहिल्या पानावर लिहिले आहे. शस्त्रक्रियेनंतर डोळा वळलेला राहणे म्हणजे शस्त्रक्रिया फसणे नव्हे, असे त्या म्हणाल्या. कुशल हातांनी केली तरी काही मुलांत थोडा तिरळेपणा राहतो, काहींत पुढे परत येतो, आणि काहींत डोळा उलट बाहेर जातो. स्नायू किती मागे घ्यावा याचे कोष्टक असते, पण प्रत्येक मुलाचे मांस आणि मेंदू कोष्टकाप्रमाणे वागत नाही. म्हणून दुसऱ्या शस्त्रक्रियेची शक्यता पहिल्याच दिवशी पालकांस सांगावी लागते. १८३९ साली बर्लिन येथे डीफेनबाख नावाच्या शल्यवैद्याने एका मुलाचा आतील स्नायू कापून तिरळा डोळा प्रथम सरळ केला. पुढे तसे नुसते स्नायू कापलेल्या पुष्कळांचे डोळे काही काळाने बाहेर गेले. तेव्हापासून स्नायू तोडून न टाकता मोजून मागे शिवण्याची रीत हळूहळू आली.

शस्त्रक्रियेनंतर डोळा वळलेला दिसला तर त्या क्रमाने काय पाहतात, ते सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे थांबणे. सूज उतरून डोळे स्थिरावण्यास सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर निकाल लावू नये. मात्र दोन प्रसंगी थांबू नये. पापणी फार सुजली, दुखणे वाढले, पू आला किंवा दिसणे कमी झाले तर त्याच दिवशी जावे. आणि डोळा एकदम उलट बाहेर जाऊन आत वळतच नसेल तरीही त्वरित जावे, कारण शिवलेला स्नायू निसटला असण्याचा संभव असतो व तो लवकर शोधावा लागतो.

दुसरी गोष्ट चष्म्याची, आणि तिच्यावर आम्ही थोडे अधिक रेंगाळणार आहोत. मुलाचा नंबर साध्या तपासणीत खरा सापडत नाही, कारण ते भिंग फुगवून नंबर लपविते. म्हणून अ‍ॅट्रोपिनचे मलम तीन दिवस डोळ्यात घालून भिंग सैल करून मग तपासतात. हे मलम घरी घालावयास देतात. तांदळाच्या दाण्याएवढेच घालावे, हात धुवावे, नळी मुलांच्या हाती लागू देऊ नये. चेहरा फार लाल झाला, अंग तापले किंवा मूल बरळू लागले तर मलम थांबवून डॉक्टरांस कळवावे. बाहुल्या मोठ्या होऊन पुढे दहाबारा दिवस उन्हाचा त्रास होतो, जवळचे धूसर दिसते. त्यास घाबरू नये. नातीचा नंबर पूर्वी साडेतीन होता, तो आता पाच निघाला. लहान वयात अधिक नंबर वाढू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीचा चष्मा जपून ठेविला असता तरी तो पुरला नसता. नवा पूर्ण नंबरचा चष्मा लावताच वळलेल्या डोळ्याचा कोन जवळजवळ निम्मा झाला. कोणतेही शस्त्र न लावता! आमच्या कपाटात बंद करून ठेविलेला उपचार तो हाच.

आणखी एक प्रकार आहे. काही मुलांचा डोळा चष्म्याने दूर पाहताना सरळ राहतो, पण पुस्तक पाहताना आत जातो. त्यांस दुहेरी भिंगांचा चष्मा देतात. आमच्या मेहुण्यांच्या नातवास असा चष्मा दिला होता आणि तरी डोळा वळतच होता. चष्मेवाल्याने भिंगाची मधली रेघ म्हाताऱ्या माणसास करतात तशी खाली ठेविली होती. मूल वरच्याच भागातून वाचीत होते. लहान मुलाच्या चष्म्यात ती रेघ बाहुलीच्या मध्यापर्यंत वर लागते. भिंग बदलून घेतल्यावर काम झाले. तेव्हा चष्मा आणल्यावर तो डॉक्टरांस एकदा दाखवून घ्यावा. नाकावरून घसरणारा चष्मा तर नसल्यासारखाच; मूल त्याच्या वरून पाहते.

तिसरी गोष्ट मंद डोळ्याची. चांगला डोळा काही वेळ झाकून मंद डोळ्याकडून काम करवून घेणे हा उपाय जुना आहे; १७४३ साली फ्रान्सातील ब्यूफाँ यांनी तो सुचविला होता. पूर्वी दिवसभर झाकीत असत. २००३ साली अमेरिकेत मोठी तपासणी होऊन असे दिसले की मध्यम प्रकारच्या मंदपणात सात वर्षांखालील मुलांचा चांगला डोळा रोज दोन तास झाकला काय किंवा सहा तास झाकला काय, सुधारणा सारखीच होते. झाकण्याऐवजी चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिन घालून तो धूसर करण्याचीही रीत आहे. सात वर्षांनंतर काही होत नाही अशी पूर्वी समजूत होती. २००५ सालच्या अशाच तपासणीत सात ते बारा वर्षांच्या मुलांसही गुण येतो असे आढळले. लवकर केलेले बरे हे खरेच. पण उशीर झाला म्हणून घरी बसू नये.

२०२० च्या फेब्रुवारीत झाकणे सुरू झाले आणि मार्चात टाळेबंदी आली. चिरंजीव घरूनच काम करू लागले आणि मेअखेर परवानगी काढून सर्व मंडळी गावी आली. रुग्णालय बंद, मोटारी बंद. नातीचा डोळा आमच्या हाती आला. सकाळी नऊ ते अकरा, उजव्या डोळ्यावर चिकटपट्टी, त्यावर चष्मा, हा आमचा तास ठरला. पहिले आठ दिवस ती रडली. आजीस दया येई, आणि आम्ही पाठ फिरविली की ती पट्टीची कड उचलून देई. आमच्या चाळीस वर्षांच्या संसारात एवढी भांडणे कधी झाली नव्हती. अखेर सौभाग्यवतींनाच काम नेमून दिले. त्या आणि नात अंगणात बसून तांदळातले खडे वेचू लागल्या, मणी ओवू लागल्या. मग बाराखडी, मग वर्तमानपत्रातील मोठी अक्षरे, मग बारीक. आठवड्यास एकदा आम्ही ठरावीक अंतरावरून दिनदर्शिका वाचवून घेऊन वहीत मांडीत असू. दूरध्वनीवरून डॉक्टरीणबाईंस कळवीत असू. दिवाळीपर्यंत ६/१२ झाले. दुसऱ्या वर्षी ६/९. आमच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत कोणा विद्यार्थ्याच्या गुणांनी आम्हांस एवढे सुख दिले नव्हते.

दृष्टी सुधारली, परंतु डोळा सरळ झाला नव्हता, आणि होईल असे डॉक्टरीणबाईंनी सांगितलेही नव्हते. पट्टी दृष्टीसाठी, सरळपणासाठी नव्हे. या दोहोंची गल्लत पुष्कळ करतात व निराश होऊन पट्टी सोडतात. कोन मोजण्याचे माप 'प्रिझम' म्हणून असते, दोन प्रिझम म्हणजे सुमारे एक अंश. चष्म्यासह दहा प्रिझमच्या आत वळण असेल तर डॉक्टर त्यास समाधानकारक मानतात. बाहेरच्या माणसास तो फारसा दिसत नाही, आणि मेंदू दोन्ही डोळ्यांची थोडीबहुत जुळणी करून घेतो. त्यापलीकडे, पाहिल्याबरोबर दिसणारा कोन राहिला तर पुढचा विचार करावयाचा. नातीचे पंचवीस होते.

पुढचा विचार तीन प्रकारचा. कोन लहान असेल, विशेषतः मोठ्या मुलास दोन दोन दिसत असेल, तर चष्म्यावर प्रिझमची पातळ पट्टी चिकटवून पाहतात. दुसरा उपाय बोट्युलिनम नावाच्या औषधाचा. ओढणाऱ्या स्नायूत सुईने ते घातले की स्नायू काही आठवडे दुबळा होतो आणि त्या अवधीत डोळे जुळून घेतात. सॅन फ्रान्सिस्को येथील डॉक्टर अ‍ॅलन स्कॉट यांनी ही रीत काढली व १९८९ साली अमेरिकेत तीस मान्यता मिळाली. लोक आता तेच औषध सुरकुत्या घालविण्यास घेतात, हा निराळा मासला. मूळ काम तिरळ्या डोळ्याचे. पापणी काही दिवस खाली येणे हा त्याचा नेहमीचा उपद्रव, तो पुढे जातो. तिसरा उपाय म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया. ती करताना पहिल्या वेळी कोणते स्नायू किती हलविले याची नोंद फार उपयोगी पडते. सुदैवाने तो कागद घरात होता; चष्म्याविषयीची सूचना ज्यावर होती तोच.

काही मुलांत प्रश्न निराळाच असतो. आडवा तिरळेपणा जातो, पण डोळा वर चढतो. तिरप्या स्नायूंची ओढ त्यास कारण असते व तो स्नायू वेगळा हाताळावा लागतो. जन्मापासून तिरळ्या असलेल्या मुलांत हे पुढे काही वर्षांनीही दिसू लागते. आणि काही मुलांचे डोळे मुळी सरळच असतात. नाकाचा पूल बसका व रुंद असल्यामुळे ते तिरळे भासतात. तेही डॉक्टरांनीच पाहून सांगावे.

डोळ्यांच्या व्यायामाविषयी आम्हांस फार विचारतात. नाकासमोर पेन्सिल धरून ती जवळ आणण्याचा व्यायाम डोळे आत वळविण्याची शक्ती वाढविण्यासाठी आहे. ज्याचे डोळे आधीच आत वळतात त्यास तो करविणे म्हणजे चढ असलेल्या तापास शेकोटी होय. तेल, काजळ, मंतरलेला दोरा यांविषयी न बोललेलेच बरे. काजळाने तान्ह्या डोळ्यास जंतूंचा उपद्रव मात्र होतो.

२०२२ च्या जानेवारीत नातीची दुसरी शस्त्रक्रिया झाली. या वेळी दोन्ही डोळ्यांचे बाहेरील स्नायू आखूड केले. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. सूनबाई आमच्या शेजारी होती. ती काही म्हणाली नाही, आणि आम्हीच म्हणालो, "तुझं ऐकायला हवं होतं मी." ती म्हणाली, "अण्णा, चहा घेता का?" तेवढ्यावर तो विषय संपला.

आज नात अकरा वर्षांची आहे. चष्म्यासह डोळे सरळ दिसतात. मोजले तर आठ प्रिझम. चष्मा काढला की डावा डोळा आत जातो, आणि हे ती स्वतःच मैत्रिणींस करून दाखविते. खोलीची जाणीव पुरती आलेली नाही. झेलावयाचा चेंडू तिच्या हातून पुष्कळदा निसटतो. ती वाया घालविलेली दोन वर्षे हाती असती तर ती जाणीव पुरती आली असती काय, हे आम्ही डॉक्टरीणबाईंस विचारले. त्यांनी सरळ उत्तर दिले नाही, आणि आम्ही पुन्हा विचारले नाही.

दोन गोष्टी सांगावयाच्या राहिल्या. बाहुलीत पांढरी झाक दिसणे, किंवा एकाएकी आलेल्या तिरळेपणाबरोबर डोकेदुखी, वांती असणे, हे साधे तिरळेपण नव्हे. डोळ्याच्या गाठीची वा मेंदूच्या दुखण्याची ती खूण असू शकते. तेथे चष्मा, पट्टी, सुट्टी, लग्नसराई काही न पाहता त्याच दिवशी जावे. दुसरे, ज्यांची ऐपत नाही त्यांनी अंगणवाडीत किंवा सरकारी शाळेत येणाऱ्या तपासणी पथकास मूल दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघर येथे सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांस तपासून पुढील उपचारास पाठविण्याची त्यात सोय आहे. पथक येते त्या दिवशी तिरळ्या मुलास घरी ठेवण्याची चाल काही पालकांत आहे. मुलगी असेल तर विशेष. उद्या स्थळ पाहताना गोष्ट निघेल म्हणून. आपल्या मंडळाच्या वधूवर नोंदवहीत काळा चष्मा लावलेली छायाचित्रे आम्ही पाहिली आहेत. सहाव्या वर्षी लपविलेला डोळा सव्विसाव्या वर्षी काळ्या काचेआड ठेवावा लागतो.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे, तेव्हा आवरतो. भोजनानंतर आम्ही मंडपाच्या डाव्या बाजूस, पुस्तकांच्या टेबलापाशी बसणार आहोत. ज्यांच्या मुलांची शस्त्रक्रिया होऊन डोळा अद्याप वळतो त्यांनी जुने कागद व जुने चष्मे घेऊन यावे. आम्ही औषध सांगणार नाही. कोणता कागद घेऊन कोणत्या विभागात जावे आणि तेथे काय विचारावे, एवढे लिहून देऊ. ज्यांचे चष्मे कपाटात आहेत त्यांनी संकोच करू नये. नात आमच्याबरोबर आली आहे. तीही तेथेच बसेल.